‘नाही’ म्हणणारा माणूस पाहिजे

पाहिजे : नामांकित सिनेनटाकडे पूर्णवेळ कामासाठी एक माणूस. वयाची व शिक्षणाची अट नाही. काम एकच, दिवसातून किमान तीनदा साहेबांच्या तोंडावर ‘नाही’ म्हणणे. वाहवा, मालिश व मान डोलावणे येत असल्यास अर्ज करू नये.

अशी छोटी जाहिरात मी बरीच वर्षं वर्तमानपत्रात शोधतोय. अजून सापडलेली नाही. बाकीच्या सगळ्या जागा केव्हाच भरल्या गेल्यात. छत्री धरायला माणूस आहे. छत्रीखाली छोटा पंखा धरायला दुसरा आहे. केसांना एक, चेहऱ्याला एक, कपड्यांना एक आणि त्या कपड्यांच्या सुरकुत्यांना एक. दंड फुगवून देणारा ट्रेनर आहे आणि दंड फुगल्याची बातमी जगाला देणारा सोशल मीडियावाला आहे. चार बाउन्सर आहेत. मॅनेजर आहे, शिवाय मॅनेजर फोन का उचलत नाही हे सांगणारा त्याचा असिस्टंट आहे. २०२४मध्ये हिंदीतले निर्माते-दिग्दर्शकच उघड कुरकुरू लागले, की नटाचं मानधन एकवेळ परवडेल, पण हा लवाजमा नको. कुरकुरले कुठे, तर मुलाखतीत. नटासमोर कुणी कुरकुरलं का? छे! त्याच्यासमोर सगळे म्हणाले, ‘सर, आज काय फ्रेश दिसताय!’

पूर्वी आउटडोअरला नायिकेला साडी बदलायची तर चार बायका चादरी धरून उभ्या राहायच्या. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला पूनम ढिल्लन यांनी व्हॅनिटी व्हॅन आणली आणि एक खरी अडचण सुटली. मग नटांना स्वतःच्या अडचणी सापडू लागल्या. एक व्हॅन बसायला, एक व्यायामाला, एक स्वयंपाकाला. चाकांवरची चाळच म्हणा ना. फरक इतकाच, की चाळीत शेजारी असतो आणि तो बोलतो.

माझं म्हणणं थोडक्यात असं, की प्रसिद्धी माणसाला बिघडवायच्या भानगडीत पडत नाही, तिला तेवढा वेळ नसतो. ती आल्या आल्या फक्त ‘नाही’ म्हणणाऱ्यांची हजेरी बंद करते. आधी जातो ‘अरे गाढवा’ म्हणून हाक मारणारा शाळेतला मित्र. मग जातो हिशोब विचारणारा काका. मग पहिल्या सिनेमात मार देऊन काम करून घेणारा दिग्दर्शक. शेवटी उरतात चमचे. घरात ताट असो-नसो, चमच्यांचा सेट पूर्ण असतो. पुढचं बिघडण्याचं काम हिरो फावल्या वेळात स्वतःच उरकतो.

*

उदाहरण पहिलं आणि सगळ्यात मोठं, राजेश खन्ना. (एकेरी लिहितोय, त्याबद्दल क्षमा मागणार नाही. मराठी माणूस आईला, विठ्ठलाला आणि हिरोला एकेरीच हाक मारतो.)

ठाकूरद्वारला वाढलेला, गिरगावच्या शाळेत शिकलेला हा जतीन खन्ना १९६५ साली एका टॅलेंट स्पर्धेतून सिनेमात आला. १९६९ला ‘आराधना’ लागला आणि पुढची दोन-अडीच वर्षं त्याने ज्याला हात लावला ते चाललं. एकट्याच्या जोरावर सलग पंधरा हिट, असा हिशोब सांगतात. मुली रक्ताने पत्रं लिहायच्या. त्याच्या पांढऱ्या गाडीवर लिपस्टिकचे इतके ठसे उमटायचे, की गाडीचा रंग कंपनीने ठरवलेला राहत नसे. कार्टर रोडचा समुद्राकाठचा बंगला आधी राजेंद्रकुमारचा, नाव ‘डिंपल’. राजेश खन्नाने तो घेऊन नाव ठेवलं ‘आशीर्वाद’ आणि १९७३ला लग्न केलं ते डिंपलशीच. पाटी बदलली तरी पत्ता चुकला नाही.

‘आशीर्वाद’वर संध्याकाळी दरबार भरायचा. निर्माते ताटकळत बसायचे. बाटल्या उघडायच्या, डेट्सची डायरी मात्र उघडायची नाही. सकाळच्या शिफ्टला हिरो दुपारी उगवायचा. युनिटचा नाश्ता वाट पाहण्यात पचायचा आणि जेवण चिडण्यात. कुणी बोललं? पंधरा हिट म्हणजे निर्मात्यांच्या तोंडाला पंधरा कुलपं.

एका माणसाकडे मात्र किल्ली होती. हृषीकेश मुखर्जी मुळात एडिटर. ज्याचा धंदाच कापायचा, तो हिरोचे नखरे कापायला कशाला घाबरेल? ‘आनंद’, ‘बावर्ची’, ‘नमक हराम’ हे तिन्ही त्यांचे, १९७१ ते १९७३मधले. ‘आनंद’चं शूटिंग चार आठवड्यांत उरकलं म्हणतात. चार आठवडे! त्या काळात काही निर्मात्यांना याची गाडी गेटातून आत येताना दिसायलाच तेवढे दिवस लागायचे. आता सांगा, पन्नास वर्षांनी आपण कोणत्या राजेश खन्नासाठी डोळे पुसतो? मान तिरकी करून पापण्या मिटणाऱ्या? त्याची आपण नक्कल करतो. रडतो ते ‘आनंद’साठी, म्हणजे ज्याच्या डोक्यावर ‘नाही’ म्हणणारा बंगाली बाबू बसला होता, त्याच्यासाठी.

मग १९७३ला ‘जंजीर’ आला. लांब टांगांचा एक चिडका पोलीस आला आणि गाडीची पप्पी घेणाऱ्यांनी गाडी बदलली. लोक म्हणतात, राजेश खन्नाला त्याच्या सवयींनी संपवलं. खरं आहे, पण त्या सवयी पास कुणी केल्या होत्या? उशिरा येतो? हिरो आहे! चिडतो? मूडी आहे! निर्मात्याला ताटकळवतो? स्टाइल आहे! पंधरा सिनेमे आपण टाळ्या वाजवल्या आणि एका शुक्रवारी सगळ्याची बेरीज करून बिल पाठवलं. प्रेक्षकाच्या नकारात हीच गोम आहे. तो हप्त्याने येत नाही, एकरकमी येतो. हप्त्याने आला असता तर गडी कदाचित फेडू शकला असता.

२०१२मध्ये, पार खंगलेला असताना, त्याने पंख्यांच्या एका कंपनीची जाहिरात केली. कोटी अशी, की माझे ‘फॅन’ माझ्यापासून कुणी हिरावू शकत नाही आणि भोवती गरगरणारे पंखे. आपण ‘अरेरे’ म्हणून चॅनेल बदललं. १८ जुलैला तो गेला. दुसऱ्या दिवशी पावसात रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. फॅन परत आले होते. उशिरा पोहोचायची खोड एकट्या हिरोलाच असते, असं नाही.

*

उदाहरण दुसरं, विरारचा गोविंदा. नाचात याच्या जवळपास कुणी नाही आणि उशिरा येण्याच्या किश्शांतही फार जण नाहीत. २००८च्या जानेवारीत गोरेगावच्या फिल्मिस्तान स्टुडिओत शूटिंग बघायला आलेल्या एकाला त्याने थप्पड लगावल्याची तक्रार झाली. तेव्हा हा उत्तर मुंबईचा खासदारही होता, म्हणजे ज्या हाताने मत मागितलं, त्याच हाताने पोच दिली. मुंबई उच्च न्यायालयाने तक्रार रद्द केली. तो गडी हटला नाही, सर्वोच्च न्यायालयात गेला. २०१५मध्ये तिथल्या न्यायमूर्तींनी हिरोला समजावलं, की सिनेमात करता ते खऱ्या आयुष्यात करायचं नसतं, माफी मागून टाका. पुढे माफीची आणि पाच लाख रुपयांची तयारी दाखवली गेली.

हिशोब करा. एक थप्पड, सात वर्षं, तीन पायऱ्यांची कोर्टं. कशासाठी? तर एका मोठ्या माणसाला ‘बाळा, असं मारायचं नसतं’ एवढं सांगायला. आमच्या आजीने हाच निकाल एका मिनिटात, बिनवकिली, कान धरून दिला असता आणि वर अपिलाची सोयही ठेवली नसती. पण हिरोच्या घरी आजी असते ती भिंतीवर, हार घातलेली. मग तिचं काम देशाच्या सर्वोच्च न्यायालयावर येऊन पडतं. प्रलंबित खटले वाढतात ते उगाच नाही.

*

उदाहरण तिसरं, वानखेडे. १६ मे २०१२. आयपीएलमध्ये कोलकात्याने मुंबईला हरवलं आणि मॅचनंतर मैदानात उतरण्यावरून शाहरुख खान आणि सुरक्षारक्षकांची जुंपली. शाहरुख म्हणाला, माझ्यासोबतच्या मुलांना धक्काबुक्की झाली. मुंबई क्रिकेट असोसिएशन म्हणालं, गैरवर्तन यानेच केलं. अध्यक्ष होते विलासराव देशमुख. पाच वर्षं बंदी लागली, ती २०१५मध्ये मुदतीआधीच उठली. पोलिसांच्या तपासातून पुढे त्याच्यावर काही शेकलं नाही.

कोण बरोबर, कोण चूक, ते सोडा. माझं लक्ष त्या रक्षकावर आहे. स्टेडियममधल्या हजारो लोकांना हिरोसोबत एक फोटो हवा होता. एकट्या या माणसाला हिरोच बाहेर हवा होता. मला तर वाटतं, मुंबईत ‘नाही’ म्हणायचा परवाना आता फक्त वॉचमनकडे उरलाय. आमच्या सोसायटीचा वॉचमन रोज मला सांगतो, ‘साहेब, गाडी इथे नाही लावायची.’ मी रोज भडकतो. पण तो नसता, तर एव्हाना मी गाडी लिफ्टमध्ये लावली असती, हेही मला पक्कं ठाऊक आहे. मी साधा सदर लिहिणारा माणूस. माझे वाचक माझ्या स्कूटरच्या सीटलाही हात लावत नाहीत. तरी माझी ही तऱ्हा. मग ज्याच्या बंगल्याबाहेर रोज शे-दोनशे माणसं नुसती भिंत बघायला उभी असतात, त्याची काय कथा!

*

वागणुकीचं एवढं पुरे. आता नावलौकिकाकडे वळू. वागणूक हिरोची स्वतःची असते. लौकिकाचं दुकान मात्र आपण चालवतो आणि आपलं वजनकाट्यावर लक्ष नसतं.

१ सप्टेंबर २००६ला ‘लगे रहो मुन्नाभाई’ आला. ‘गांधीगिरी’ हा शब्द पानटपरीपर्यंत पोहोचला. त्याच वर्षी नोव्हेंबरात टाडा कोर्टाने मुन्ना झालेल्या संजय दत्तला दहशतवादाच्या आरोपातून मोकळं केलं, पण बेकायदा शस्त्र बाळगल्याबद्दल दोषी ठरवलं. २००७ला सहा वर्षांची शिक्षा सुनावली, २०१३ला सर्वोच्च न्यायालयाने ती पाच केली आणि फेब्रुवारी २०१६मध्ये तो येरवड्यातून सुटला. या सगळ्या काळात आमच्या कट्ट्यावर एकच युक्तिवाद चालायचा, ‘मुन्ना असलं करूच शकत नाही.’ अहो, बरोबर आहे. मुन्ना काहीच करू शकत नाही, कारण मुन्ना नाहीच आहे! त्याचे संवाद कुणी लिहिले, त्याचे शर्ट कुणी शिवले, त्याला रडू केव्हा येणार हे कुणी ठरवलं! आरोपीच्या पिंजऱ्यात उभा होता तो दुसराच. पण आपण साक्ष द्यायला गेलो मुन्नाच्या बाजूने.

आता, माणसाने शिक्षा भोगली म्हणजे विषय संपला. हे न्यायाला धरून आहे. पण विषय संपू देणं आपल्या रक्तात नाही, आपण त्याचा सिनेमा काढतो. २०१८ला ‘संजू’ आला, दिग्दर्शक तेच, ‘मुन्नाभाई’वाले. महालक्ष्मीच्या धोबीघाटावरही कपडे इतके शुभ्र निघत नाहीत. आणि धोबी निदान ज्याचे कपडे त्याच्याकडून पैसे घेतो. इथे धुलाईचे पैसे तिकीटखिडकीवर आपण भरले, वर पॉपकॉर्नही घेतलं.

दुसरा नमुना मे २०१५चा. २००२च्या वांद्र्याच्या अपघात प्रकरणात सेशन्स कोर्टाने सलमान खानला पाच वर्षांची शिक्षा सुनावली. दोन दिवसांत उच्च न्यायालयाने ती स्थगित केली आणि गॅलेक्सी अपार्टमेंटबाहेर फटाके फुटले. डिसेंबरात उच्च न्यायालयाने त्याला निर्दोष सोडलं. निकाल कोर्टाचा, तो मानायचा. पण फटाके कोर्टाचे नव्हते. २००२च्या त्या सप्टेंबरच्या रात्री फुटपाथवर झोपलेला एक मजूर जिवानिशी गेला, ही गोष्ट कोणताही निकाल आला तरी बदलत नाही. फटाक्याची माळ लावणाऱ्यांना हिरोचं फिरोजी खड्याचं ब्रेसलेट कोणत्या हातात असतं, हे झोपेतही सांगता आलं असतं. त्या मजुराचं नाव विचारलं असतं, तर माळ तेवढी तडतडत राहिली असती.

आणि आता याच दुकानातला उलटा सौदा बघा.

आमची आत्या निळू फुल्यांचं नाव काढलं की बोटं मोडायची. ‘मेल्याची नजरच वाईट,’ हा तिचा अंतिम निकाल. ‘सामना’तला साखरसम्राट हिंदुराव धोंडे पाटील पाहिल्यापासून तर तिने घरात साखर कमी केली होती. (डॉक्टर गेली दहा वर्षं तेच सांगत होते.) गावोगावच्या बायकांना या माणसाची खरोखरच धास्ती वाटायची. प्रत्यक्षात निळूभाऊ कोण? राष्ट्र सेवा दलाचे पक्के कार्यकर्ते. नट होण्याआधी पुण्यातल्या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम करणारे. समाजात पदरमोड करून काम करणाऱ्या कार्यकर्त्यांसाठी सामाजिक कृतज्ञता निधी उभारायचा ठरला, तेव्हा डॉ. श्रीराम लागूंसोबत ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करत गावोगाव फिरणारे. पडद्यावर दुसऱ्याचा वाडा बळकावायचा आणि घरी आल्यावर चळवळीचा विचार करायचा, असा हा खलनायक.

म्हणजे ज्याने गुन्हा केल्याचं कोर्ट सांगतंय, त्याला आपण भूमिकेवरून सोडून देणार आणि ज्याने आयुष्यभर देत राहायचं व्रत घेतलं, त्याला भूमिकेवरून शिक्षा सुनावणार. धन्य तो काटा आणि धन्य ती वजनं! निळूभाऊंनी कधी प्रतिमा सुधारायला माणूस नेमला नाही. आत्या मात्र २००९च्या जुलैत ते गेल्याची बातमी वाचून गप्प बसली. मग म्हणाली, ‘माणूस चांगला होता म्हणे.’ त्या ‘म्हणे’तच आपला सगळा न्याय आहे.

*

मराठीत एक बरं आहे. हिंदीवाले नटाला देव करतात, आपण त्याला नातेवाईक करतो. अशोकमामा, सुलोचनादीदी, निळूभाऊ, भगवानदादा, नाना. लक्ष्याला तर आडनावाचीही गरज पडली नाही. २०२५मध्ये अशोक सराफांना पद्मश्री मिळाली, तेव्हा अर्ध्या महाराष्ट्राला वाटलं, आपल्या सख्ख्या आईच्या भावालाच मिळाली.

नात्याचा फायदा असा, की देवाला नवस बोलतात, पण मामाला चार शब्द सुनावता येतात. ‘त्या मालिकेत सुनेला किती छळता हो!’ असं भाजीच्या गाडीवर तोंडावर ऐकून घेतलेली नटी घरी जाऊन आरशासमोर फार वेळ उभी राहू शकत नाही. आणि त्यातूनही एखादा उडायला लागलाच, तर त्याला जमिनीवर आणायला नाटकाचा दौरा आहे. रात्रभर बसमध्ये पाठ मोडून घ्यायची, सकाळी अनोळखी गावात उतरायचं आणि नगरपालिकेच्या नाट्यगृहातल्या स्वच्छतागृहाला सामोरं जायचं. आमच्याकडची नाट्यगृहांची स्वच्छतागृहं ही शासनाची सर्वात यशस्वी अहंकार निर्मूलन योजना आहे. कुठल्याही अनुदानाशिवाय ती वर्षानुवर्षं चालू आहे.

पण वारं आपल्याकडेही लागलंय. मालिका तीन महिने चालली की दहीहंडीची सुपारी येते. सुपारी आली की गाडी मोठी लागते आणि गाडी मोठी झाली की तिच्याबरोबर काळ्या टी-शर्टमधले दोन बाउन्सर येतात. काल ज्या स्पॉटदादाच्या खांद्यावर हात टाकून चहा मागितला, त्याच्याकडे आज नुसतं बोट केलं जातं. मामा म्हणायच्या आत भाचे ‘सर’ झालेत.

आणि सगळा दोष त्यांच्यावर टाकून आपण हात झटकू शकत नाही. नोव्हेंबर २०२३मध्ये वाराणसीत भर शूटिंगमध्ये नाना पाटेकरने सेल्फी घ्यायला आलेल्या एका पोराला टपली दिली. व्हिडिओ देशभर फिरला. नाना म्हणाला, सीनमध्ये तसंच होतं, मला तो युनिटचाच माणूस वाटला, आणि माफी मागितली. हात उचलणं चूकच, त्यात ‘पण’ नाही. तरीही एक प्रश्न उरतो. समोर कॅमेरा चालू आहे, माणसं काम करतायत आणि तिथे मोबाइल घेऊन घुसावंसं वाटतं, हे आपण कुठे शिकलो? २०१९मध्ये सुबोध भावेने वैतागून जाहीर केलं, की नाटकात फोन वाजत राहणार असतील, तर मी नाटकात काम करणं थांबवतो. फोन बंद ठेवण्याची विनंती तिसऱ्या घंटेच्या आधी होते. आपण ती मन लावून ऐकतो आणि शेजाऱ्याच्या खिशाकडे बघतो.

तेव्हा ‘नाही’ ऐकायची सवय एकट्या हिरोचीच गेलेली नाही. त्याच्या व्हॅनला काळ्या काचा आहेत, आपल्या हातात काळी काच आहे. आतून बाहेरचं दोघांनाही नीट दिसत नाही.

*

शेवटी एका माणसाचं नाव घेतल्याशिवाय हे सदर पुरं होणार नाही. भगवान आबाजी पालव. गिरणी कामगाराचा मुलगा. १९५१ला ‘अलबेला’ काढला आणि देशाला नाचायला शिकवलं. पाय फारसे न उचलता खांद्यावर नाचायची त्याची ती पद्धत पुढे अमिताभपासून सगळ्यांनी उचलली. जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला आला. गाड्या सात, वाराप्रमाणे एकेक, असं सांगतात. मग सिनेमे पडले. बंगला गेला, गाड्या गेल्या, वार तेवढे राहिले. भगवानदादा दादरच्या चाळीत आले आणि मिळेल ती छोटी कामं करत राहिले. २००२च्या फेब्रुवारीत तिथेच गेले. दादरकर सांगतात, गणपतीच्या मिरवणुका त्या चाळीखाली थांबायच्या, बँडवाले ‘अलबेला’ची चाल धरायचे आणि पोरं दादांची स्टेप करत नाचायची. सुपारी कुणी घेतलेली नसायची आणि बाउन्सर शोधूनही सापडला नसता.

वर होता तेव्हा तो भगवान होता. खाली आला तेव्हा दादा झाला. वर असतानाच कुणी ‘दादा, हे नको’ म्हणायला भेटलं असतं, तर बंगला कदाचित टिकला असता.

म्हणून सांगतो, ती सुरुवातीची जागा अजून रिकामी आहे. मॅनेजर ती भरणार नाही, निर्मात्याला ती परवडणार नाही आणि सर्वोच्च न्यायालयाला दुसरी कामं आहेत. वॉचमनची ड्यूटी संपत आलीय. उरलो आपण. पगार नाही, गाडी नाही, सेल्फी तर मुळीच नाही. पात्रता एकच, तिकीट स्वतःच्या पैशांनी काढलेलं असावं. हिरो उशिरा आला, की शिट्टी मारू नका. थप्पड मारली, की ‘मूडी आहे’ म्हणू नका. कोर्टाच्या निकालावर फटाके लावू नका. आणि एखाद्या खलनायकाला शिव्या घालण्याआधी तो घरी काय करतो, तेवढं विचारा. आपला नकार शुक्रवारच्या एकरकमी बिलासाठी साठवून ठेवू नका, हप्त्याहप्त्याने देत चला.

फक्त त्याआधी स्वतःचा फोन बंद करा. तिसरी घंटा झालेली आहे.